बायचुंगच्या तीन गोलांचा हिशोब

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशात जाऊन खेळलेल्या भारतीय खेळाडूंवर सदर चालू आहे. त्यातला बायचुंग भुतियावरचा लेख वाचला. त्याच्या इंग्लंडमधल्या तीन हंगामांची वासलात आपल्या लेखकाने दोन-अडीच ओळींत लावली आहे. बरी नावाच्या दुय्यम क्लबकडून अवघे तीन गोल केले, युरोपचं स्वप्न फसलं, मायदेशी परतला, संपलं.

मी त्याच बरीत राहिलेली बाई आहे. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमागे इंग्लंडला गेले. मँचेस्टरच्या उत्तरेला ट्रामने अर्ध्या तासावर हे गाव आहे. तिथल्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासत माझी नोकरी झाली. बायचुंग तिथे असताना गिग लेनच्या मैदानावर जाऊन मी त्याला खेळताना पाहिलं आहे, आणि फुटबॉल मला इंग्लंडने शिकवलेला नाही. माझं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. जिथे तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ चालतात आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असा सामना असला की घराघरांत दोन दिवस चूल धड पेटत नाही, अशा गावात मी वाढले. थोरला भाऊ पेठेकडून डाव्या बगलेला खेळायचा. तेव्हा शाहू स्टेडियममध्ये बायका फारशा दिसत नसत, पण आईने भावाचा डबा द्यायला पाठवलं की मी सामना संपेपर्यंत परत यायची नाही. तेव्हा गोल मोजण्यापलीकडचं थोडंफार कळतं, असं धरून चालावं.

आधी एक दुरुस्ती. लेखात बायचुंगला 'युरोपात खेळलेला पहिला भारतीय' म्हटलं आहे. तो मान कोलकात्याच्या मोहम्मद सलीमचा. मोहम्मेडन स्पोर्टिंगचा हा गडी १९३६ साली स्कॉटलंडच्या सेल्टिककडून दोन सामने खेळला, तोही बुटांशिवाय, पायांना पट्ट्या बांधून. बायचुंगचं पहिलेपण वेगळं आहे. युरोपातल्या क्लबशी रीतसर व्यावसायिक करार करणारा तो पहिला भारतीय. सलीम पाहुणा म्हणून खेळून घरी आला, बायचुंग पगारावर नोकरीला गेला. या दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजता येत नाही, आणि माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचं मूळ तिथेच आहे.

तो कुठून उठून तिथे गेला, हे लेखात यायला हवं होतं. दक्षिण सिक्कीममधल्या तिनकिताम या खेड्यातलं शेतकऱ्याचं पोर. शिष्यवृत्तीवर गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमीत शिकलं. १९९२च्या सुब्रोतो चषकात, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलं. भारताचे जुने गोलकीपर भास्कर गांगुली यांनी त्याला हेरलं आणि १९९३मध्ये, सोळाव्या वर्षी, शाळा सोडून तो ईस्ट बंगालकडे आला. तिथून पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी मिलकडे गेला. १९९६-९७मध्ये देशात पहिल्यांदा राष्ट्रीय लीग झाली, ती जेसीटीने जिंकली आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे १४ गोल बायचुंगचे होते. त्या संघात त्याच्या जोडीला आय. एम. विजयन होता. ती जोडी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली त्यांचा मला आजही हेवा वाटतो.

मग पुन्हा ईस्ट बंगाल, आणि १३ जुलै १९९७. फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी, समोर मोहन बागान, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १,३१,००० प्रेक्षक. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त त्यांच्या 'डायमंड' रचनेच्या जोरावर सगळ्यांना लोळवत आले होते. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या ओमोलो या खेळाडूला ऑम्लेट म्हणून घेतलं आणि बायचुंगला चुंगचुंग. ईस्ट बंगालच्या बाकावर पी. के. बॅनर्जी बसले होते, ते असल्या संधी वाया घालवणाऱ्यांतले नव्हते. आपल्या पोरांना त्यांनी नेमकं तेच ऐकवून पेटवलं. ईस्ट बंगाल ४-१ने जिंकलं, त्यात तीन गोल चुंगचुंगचे. (अंतिम सामन्यात मात्र याच ईस्ट बंगालला गोव्याच्या साळगावकर संघाने २-१ हरवून चषक नेला. सव्वा लाखाचा सामना सगळ्यांना आठवतो, चषक गोव्याला गेला हे गोव्याबाहेर कुणाला आठवत नाही. असो.)

एप्रिल-मे १९९९मध्ये गोव्यात सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा झाली. फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० हरवलं. एक गोल गोव्याच्या ब्रुनो कुतिन्योचा, दुसरा बायचुंगचा. म्हणजे इंग्लंडला निघालेला गडी हा देशातला निर्विवाद पहिल्या नंबरचा फॉरवर्ड होता. बावीस वर्षांचा. कोलकात्यात त्याला रस्त्यावर उभं राहू देत नसत. गाडी, पैसा, मानमरातब सगळं होतं. ते सोडून त्याने फुलहॅम, वेस्ट ब्रॉम आणि अॅस्टन व्हिला या क्लबांच्या दारात चाचण्या दिल्या. कुणी घेतलं नाही. शेवटी बरीने घेतलं. ३० सप्टेंबर १९९९ला करार झाला. व्हिसाच्या कागदपत्रांत हंगामाची सुरुवात निघून गेली होती, तरी ३ ऑक्टोबरला कार्डिफ सिटीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि संघाच्या दुसऱ्या गोलात त्याच्या फटक्याचा वाटा होता. तो सामना मी पाहिला नाही. मला दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सहकाऱ्याने सांगितलं. हा सहकारी बरीचा तीन पिढ्यांचा पाठीराखा, सूक्ष्मदर्शकात डोकं घालून सुद्धा बचावफळीला शिव्या घालणारा. त्या दिवशी तो म्हणाला, "तुमचा पोरगा लाजत नाही." लँकेशरमधल्या, म्हणजे बरीच्या मुलखातल्या, माणसाकडून ही बरीच मोठी पावती होती.

आता बरी हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण 'दुय्यम क्लब' या दोन शब्दांत ते मावत नाही.

१८८५ साली स्थापन झालेला हा क्लब. सूतगिरण्यांचं गाव, आणि त्या गावाच्या क्लबने १९०० आणि १९०३ असा दोनदा एफए चषक, म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकलेला. १९०३चा अंतिम सामना त्यांनी डर्बी काउंटीविरुद्ध ६-० असा जिंकला होता. हे सगळं आजोबांच्या आजोबांच्या काळातलं, पण गावातला प्रत्येक म्हातारा स्वतः पाहिल्यासारखं सांगायचा. कोल्हापुरात खासबागेतल्या जुन्या कुस्त्यांबद्दल बोलतात ना, तसंच. मैदानात जेमतेम बारा हजार माणसं मावायची आणि आमच्या वेळी सामन्याला तीन-चार हजार यायची. पलीकडे मँचेस्टर युनायटेड. त्या वर्षी युनायटेडने तीन मोठे चषक एकदम जिंकले होते आणि त्या संघातले गॅरी आणि फिल नेव्हिल हे दोघे भाऊ बरीचेच. त्यांची आई बरी क्लबची सचिव आणि वडील व्यावसायिक कामकाज बघायचे. म्हणजे पोरं ओल्ड ट्रॅफर्डवर चषक उचलतात आणि आईबाप गावच्या क्लबची तिकिटं आणि जाहिराती सांभाळतात, असं ते गाव.

बायचुंग आला तेव्हा बरी नुकताच एक पायरी खाली घसरला होता. इंग्लंडमध्ये तेव्हा प्रीमियर लीगच्या खाली फर्स्ट डिव्हिजन आणि त्याच्या खाली सेकंड डिव्हिजन होतं. म्हणजे नावाने दुसरी, प्रत्यक्षात तिसरी श्रेणी. भारतातल्या वर्तमानपत्रांनी त्यावरून त्याची टिंगल केली होती, ती तेव्हा चिटकवून ठेवलेली कात्रणं माझ्याकडे आहेत. 'तिसऱ्या श्रेणीत कसला खेळ!' अहो, त्या तिसऱ्या श्रेणीत एकदा उभं राहून बघा. नोव्हेंबरचा मंगळवार, रात्रीचे पावणेआठ, आडवा पाऊस, मैदानाचा मधला भाग चिखलाने काळा पडलेला. समोर सव्वासहा फुटांचे दोन सेंटर-हाफ, म्हणजे मधले बचावपटू, ज्यांचं पोट या नोकरीवर चालतं आणि ज्यांना पुढच्या वर्षी करार मिळेल की नाही याची खात्री नाही. बायचुंगची उंची पावणेसहा फुटांच्या आतली. चेंडू मधल्या फळीतून पायापायाने येईल ही अपेक्षाच सोडायची. मागून गोलकीपर किंवा बॅक तो आकाशात भिरकावून देणार, आणि फॉरवर्डने त्या दोन भिंतींच्या मध्ये उडी मारून तो जिंकायचा, किंवा निदान त्यांना जिंकू द्यायचा नाही. कोलकात्यात त्याला चेंडू पुढ्यात मोकळ्या जागेत मिळायचा आणि तो वेगाने सुटायचा. इथे मोकळी जागाच नव्हती.

मी जे पाहिलं ते असं. सुरुवातीला तो चेंडूच्या मागे पळायचा आणि धक्के खाऊन पडायचा. पंच शिट्टी वाजवायचे नाहीत. आपल्याकडे ज्या धक्क्याला फ्री-किक मिळते, तो तिथे चालतो. पुढे पुढे तो बदलला. चेंडू येण्याआधीच अंग बचावपटूला टेकवून उभा राहायला लागला, पाठ गोलकडे, कोपर बाहेर, आणि चेंडू छातीवर घेऊन मागच्याला द्यायचा. कधी उडी मारायच्या आधी हळूच एक पाऊल मागे घ्यायचा, की सव्वासहा फुटी बाबा हवेत आणि चेंडू याच्या पायाशी. त्याच्यावर टाळ्या पडायच्या त्या गोलसाठी नाहीत. प्रतिस्पर्धी बॅककडे चेंडू असताना हा चाळीस यार्डांवरून धावत जाऊन त्याला चेंडू बाहेर मारायला लावायचा, त्यासाठी. तिथल्या लोकांना ते फार आवडतं. घाम दिसला की ते माणसाला आपला म्हणतात. त्याच्या निमित्ताने गॅलरीत आमच्यासारखी चार गव्हाळ डोकीही दिसायला लागली. मँचेस्टरहून, बोल्टनहून गुजराती, पंजाबी पोरं यायची, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याआधी बरीचं नावही ऐकलं नसावं.

आता आकडे. लीगमधले ३७ सामने आणि ३ गोल. हे खरं आहे, मी लपवत नाही. पण या ३७मध्ये बऱ्याचदा तो बाकावरून उठून आलेला आहे. शेवटची वीस मिनिटं, संघ एक गोलने मागे, मैदान चिखल, असं ते उठणं. ज्यांनी त्याला घेतलं ते नील वॉर्नॉक त्याच डिसेंबरमध्ये शेफिल्ड युनायटेडला निघून गेले. नवे व्यवस्थापक अँडी प्रीस हे स्वतः फॉरवर्ड म्हणून खेळणारे! म्हणजे साहेबच तुमच्या जागेवर खेळतो. अशा ऑफिसात बढती कशी मिळते हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. पहिला गोल १५ एप्रिल २०००ला चेस्टरफील्डविरुद्ध झाला. शेवटच्या हंगामात गुडघा गेला.

आणि त्याच वेळी क्लबही गेला. आपल्या लेखात याचा उल्लेखच नाही, याचं मला खरं आश्चर्य वाटलं. खालच्या श्रेणीतल्या इंग्लिश क्लबांनी आयटीव्ही डिजिटल या वाहिनीच्या पैशांवर भिस्त ठेवून खर्च करून ठेवला होता. तीन वर्षांचा ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार होता. २००२च्या वसंतात ती वाहिनी बुडाली आणि क्लबांच्या तिजोऱ्या उघड्या पडल्या. बरी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकाच्या हाती गेला. गावातल्या लोकांनी बादल्या घेऊन चौकात पैसे गोळा केले. आमच्या दवाखान्याच्या कँटीनमध्येही बादली फिरली आणि तीत मी पैसे टाकले आहेत. त्याच हंगामात संघ आणखी एक श्रेणी खाली घसरला. अशा क्लबमध्ये परदेशी खेळाडूचा करार वाढवायचा तरी कुणी? बायचुंग भारतात परतला, मोहन बागानकडे. याला 'स्वप्न फसलं' म्हणायचं असेल तर म्हणा, पण गिरणी बंद पडल्यावर कामगाराला नापास म्हणत नाहीत. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईच्या वर्तमानपत्राला हे मी काय सांगावं!

माझ्या भावाचं मत वेगळं आहे, तेही प्रामाणिकपणे लिहिते. तो म्हणतो, "आक्का, बावीस ते पंचवीस ही फॉरवर्डची सोन्याची वर्षं. ती त्याने बाकावर बसून, पावसात भिजून घालवली. इथे राहिला असता तर पन्नास गोल मारले असते." मारले असते, यात शंका नाही. मी त्याला एवढंच विचारते की परत आल्यावर काय झालं ते बघ. मोहन बागानमधला पहिला हंगाम दुखापतीत गेला, हे कबूल. पण २००३मध्ये ईस्ट बंगालकडून तो जकार्ताला आसियान क्लब स्पर्धेत, म्हणजे आग्नेय आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, उतरला. फिलिपाइन आर्मीविरुद्धच्या ६-० विजयातले सहाच्या सहा गोल त्याचे. अंतिम सामन्यात थायलंडच्या बेक तेरो सासानाला ३-१ हरवलं, त्यातही त्याचा एक गोल आणि एक गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा. स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल बायचुंगचे. भारतीय क्लबने परदेशात जाऊन जिंकलेल्या मोठ्या चषकांची यादी करायला बसलात तर बोटं उरतात, त्यातला हा एक. त्या सामन्यांची चित्रफीत मी पुढे पाहिली. पाठ गोलकडे, अंग बचावपटूला टेकलेलं, उडीच्या आधी एक पाऊल मागे. हे त्याच्यात आधीपासून होतं असं भाऊ म्हणतो. मी म्हणते, हे गिग लेनच्या चिखलातलं आहे. आमचा हा वाद मिटलेला नाही, आणि दिवाळीला भेटलो की पुन्हा सुरू होतो.

देशाच्या संघातलं त्याचं उत्तरार्धातलं काम लेखात बरंच आलं आहे, म्हणून मी लांबण लावत नाही. ऑगस्ट २००८मध्ये दिल्लीत आंबेडकर स्टेडियमवर ताजिकिस्तानला ४-१ हरवून भारताने एएफसी चॅलेंज चषक जिंकला. तीन गोल तरुण सुनील छेत्रीचे, एक कर्णधार बायचुंगचा. त्या विजयामुळे १९८४नंतर पहिल्यांदा भारत आशियाई चषकाला पात्र ठरला. दोह्यात जानेवारी २०११मध्ये ती स्पर्धा आली तेव्हा हा दुखापतीने जायबंदी. दक्षिण कोरियाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात अखेरची काही मिनिटं तेवढी त्याच्या वाट्याला आली. त्याच ऑगस्टमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला. १० जानेवारी २०१२ला दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध निरोपाचा सामना झाला, भारत ०-४ने हरला. निरोपाला असा पाहुणा बोलावला की निकाल तोच लागायचा, पण लोक त्याला बघायला आले होते.

यानंतरचं एक मात्र लेखात सुटलं, आणि ते सुटायला नको होतं. २ सप्टेंबर २०२२ला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला माजी गोलकीपर कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला बायचुंग. निकाल ३३ विरुद्ध १. चौबे निवडून आले यावर माझं काही म्हणणं नाही, निवडणूक ही निवडणूक. पण राज्य संघटनांच्या चौतीस मतांपैकी ज्याला एक मत मिळालं, त्याला युरोपात तीन गोल मिळाले म्हणून अपयशी ठरवणाऱ्यांनी आपल्या घरातल्या हिशोबाची वहीही एकदा उघडावी.

त्याच्या क्लबांचं काय झालं तेही सांगते. जेसीटीचा संघ २०११मध्ये बंद झाला. बरी क्लबला २७ ऑगस्ट २०१९ला इंग्लिश फुटबॉल लीगने बाहेर काढलं. एका पौंडाला विकत घेतलेल्या क्लबची देणी मालकाला भागवता आली नाहीत, आणि १८९४पासून लीगमध्ये असलेला संघ एका संध्याकाळी यादीतून पुसला गेला. पुढे पाठीराख्यांनी वर्गणी आणि सरकारी मदत जमवून मैदान सोडवून घेतलं आणि आता तिथे पुन्हा फुटबॉल होतो, बऱ्याच खालच्या लीगमध्ये का होईना. आपल्याकडे मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. त्याला परत आणायला कुणी बादली घेऊन चौकात उभं राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. (बरीच्या शेजारच्या ब्लॅकबर्नचा क्लब तर २०१०पासून पुण्याच्या वेंकीज मंडळींच्या मालकीचा आहे. तिथले लोक मला 'तुमचे पुण्याचे' म्हणून जाब विचारायचे. कोल्हापूरच्या माणसाला पुण्याचा हिशोब विचारणं हा वेगळा अन्याय.)

हे सगळं एवढ्या तपशिलाने लिहायचं कारण उद्याचं आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला, तेव्हा आमच्या पेठांत मिरवणूक निघायची तेवढी बाकी होती. अशी आणखी पोरं येणार. त्यातला एखादा पोर्तुगालच्या, नॉर्वेच्या नाहीतर इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत जाईल, आणि सहा महिन्यांनी आपल्याकडचा कुणीतरी त्याचे गोल मोजून त्याला नापास करेल. आमच्याकडच्या तालमींनी नायजेरियाचे, गोव्याचे खेळाडू आणले तेव्हाही मी हे पाहिलं आहे. बाहेरच्या पोराला दोन सामने द्यायचे, दोन सामन्यांत गोल नाही झाला की गॅलरीतून 'बसव त्याला' सुरू. त्या पोराला जेवण पचतंय का, झोप लागते का, त्याच्या पायात चेंडू कोण देतंय, हे कुणी विचारत नाही. बायचुंगला तरी लँकेशरमध्ये भात आणि मिरची मिळत होती. बरीच्या बाजारात आशियाई दुकानं होती, तिथे मी स्वतः कोथिंबीर घ्यायची.

म्हणून आपल्या क्रीडा विभागाला विनंती एवढीच. खेळाडू परदेशी गेला की त्याच्या गोलांच्या आकड्याशेजारी आणखी काही आकडे छापत जा. किती मिनिटं खेळला. किती वेळा सुरुवातीपासून आणि किती वेळा बाकावरून. संघ कितव्या श्रेणीत, हंगामात वर चढला की खाली घसरला. प्रशिक्षक कितीदा बदलले. हे सगळं मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही, आपल्या कार्यालयातल्या कोणत्याही तरुण वार्ताहराला फोनवर पाच मिनिटांत सापडेल. आणि मोहम्मद सलीमबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी, लेख जिथे छापला त्याच पानावर द्यावी. आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'बरीच्या गणवेशात बायचुंग' असं छापलं आहे. बरीचा शर्ट पांढरा आणि चड्डी निळी असते. छायाचित्रातला लाल-पिवळा गणवेश ईस्ट बंगालचा आहे.